आवाजी पेशंट : प्रकल्प नोंदी

३ जून

नर्सिंगच्या मुलींच्या संवादाच्या तासाला रोल प्ले घेतला की दरवर्षी तेच होतं. एक मुलगी पेशंट होते, दुसरी नर्स. पेशंट झालेली तिसऱ्या वाक्याला हसते. हसली नाही, तर मैत्रिणीची दया येऊन सगळं आपणहून सांगून टाकते, "सिस्टर, मला ऑपरेशनची भीती वाटते." खरा पेशंट विचारतो, "उद्या किती वाजता नेणार?" पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारतो, "नक्की किती वाजता?" भीती त्या दुसऱ्यांदा विचारण्यात असते, आणि ती ओळखायचा सराव वर्गात होतच नाही.

यावरचा जुना आणि उत्तम उपाय म्हणजे शिकवून तयार केलेला पेशंट. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एका निरोगी बाईला आजाराची लक्षणं आणि बोलणं शिकवलं आणि विद्यार्थ्यांसमोर पेशंट म्हणून बसवलं. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. पण माणूस एकच राग एका दिवसात किती वेळा आणणार? आठव्या विद्यार्थिनीपर्यंत तो दमतो. साठ जणींच्या वर्गात प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातून एखादी खेप येते. मला हवी आहे ती दहा वेळा चुकायची सोय. म्हणून एआयचा आवाज.

ठरलेलं असं : फक्त आवाज, चेहरा नाही. पडद्यावरच्या हलत्या ओठांकडे बघत बसण्यात लक्ष जातं. पहिल्या फेरीला तीन पेशंट. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचे काका. वडिलांचं ड्रेसिंग दोन तास लांबलं म्हणून भडकलेला मुलगा. आणि गुपचूप गोळ्या बंद केलेल्या आजी.

वाईट बातमी सांगण्याचा प्रसंग मुद्दाम टाळला. त्यासाठी 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली गेली आहे आणि ती चांगली आहे, पण ती मुख्यतः बातमी सांगणाऱ्या डॉक्टरसाठी आहे. नर्सची वेळ त्यानंतर येते. डॉक्टर राउंड आटोपून जातात, आणि पेशंट सलाईन बदलणाऱ्या मुलीला हळूच विचारतो, "ते काय म्हणाले हो?" तो प्रसंग दुसऱ्या फेरीत घेईन.

७ जून

साखळी जोडून झाली. विद्यार्थिनी बोलते, आवाजाचा मजकूर होतो, भाषा-मॉडेल (मजकूर लिहिणारं एआय) पेशंटचं उत्तर लिहितं, मग ते कृत्रिम आवाजात ऐकू येतं. तिन्ही टप्प्यांचा उशीर साठत जातो. पहिल्या कॉलला प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी २.८ सेकंद लागले.

आकडा छोटा दिसतो. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या होत्या आणि प्रश्न-उत्तरामधलं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं होतं. त्यापुढे २.८ म्हणजे पेशंट एक तर बहिरा, नाहीतर रुसलेला. माझ्या सहकारी मॅडम दुसऱ्या प्रश्नापासून चक्क ओरडून बोलायला लागल्या.

आमच्या प्रोग्रामरने उत्तर पूर्ण लिहून व्हायची वाट न बघता पहिलं वाक्य तयार होताच ते बोलायला लावलं. १.२ सेकंदांवर आलो. चालवून घेऊ.

११ जून

पेशंट फारच गुणी निघाला.

भडकलेल्या मुलाला मी म्हटलं, "तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा." तो म्हणाला, "आपण परिस्थिती इतक्या छान समजावून सांगितलीत त्याबद्दल धन्यवाद, सिस्टर." माझं एक वाक्य झालं होतं! पुढे तर कहरच. "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?" पेशंटच मदत करायला निघाला. स्टाफरूममध्ये आज दिवसभर हेच वाक्य फिरत होतं.

कारण उघड आहे. ही मॉडेल माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवर घडवलेली असतात. नमतं घेणं, मदत करणं, समोरच्याला बरं वाटेल असं बोलणं त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. "चिडका हो" असं लिहून बघितलं, तर नाटकातल्या खलनायकासारखा गरजायला लागला. विद्यार्थिनी काहीही बोलली तरी तितकाच राग. म्हणजे तिच्या बोलण्याने काही फरक पडतो हेच शिकायला मिळेना.

शेवटी स्वभाव लिहायचं सोडलं आणि परिस्थिती लिहिली. हा मुलगा सकाळपासून उपाशी आहे. कामावरून दोनदा फोन आलाय. वडिलांची जखम चिघळेल अशी धास्ती आहे, पण तो ते म्हणणार नाही. तो "इथे कोणी लक्षच देत नाही" म्हणेल. रागाच्या पाच पायऱ्या ठेवल्या. एका वेळी फार तर एक पायरी उतरायची, चढताना मात्र दोन चढली तरी चालेल. रागाचं गणित असंच असतं, निदान वॉर्डात तरी.

१२ जून

आजींचं गुपित फुटतंय. मॉडेलला "आजींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, हे लपव" असं सांगून ठेवलं, तर "कशा आहात?" या प्रश्नालाच आजी म्हणतात, "बरी आहे. गोळ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही." लपवण्याचं हे लहान मुलाचं तंत्र.

प्रोग्रामरचा तोडगा आवडला. जे माहीतच नाही ते फुटणार कसं? गुपित मूळ सूचनेतून काढून वेगळ्या चिठ्ठीवर ठेवलं. दुसरं एक छोटं मॉडेल बाजूला बसून फक्त एवढंच तपासतं, की विद्यार्थिनीने दोष न देता, हो-नाहीत न संपणारा प्रश्न विचारला का? विचारला की चिठ्ठी आजींच्या हातात जाते. तोवर आजींनाही पत्ता नसतो.

१३ जून

काकांच्या खर्जातल्या आवाजात, "सिस्टर, मी फार घाबरले आहे." लिंग चुकलं की मराठी क्रियापद लगेच चहाडी करतं. सूचनेच्या पहिल्याच ओळीत आता "पुरुष, वय ५८" असं लिहिलंय. तरी तासाभरातून एकदा घसरतातच काका.

१८ जून

आजचा दिवस शब्दांत गेला, आणि मला वाटतं या प्रकल्पात शिकण्यासारखं बरंच इथे होतं.

मॉडेलची मराठी छापील आहे. "मला उदरभागी तीव्र वेदना होत आहेत." असं बोलणारा पेशंट मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आणि मावशींना बसवून आम्ही पेशंट काय-काय म्हणतात त्याची वही भरली. ठणकतंय. चमक मारते. कळ येते. आग होते. गोळा आल्यासारखं वाटतं. मुंग्या येतात. तोंडाला पाणी सुटतं आणि ढवळतं. जीव घाबरा होतो. छाती भरून आल्यासारखी होते. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी, "कसंतरी होतंय."

"कसंतरी होतंय" ऐकून जी मुलगी "बरं, डॉक्टरांना सांगते" म्हणून निघते, ती नापास. त्या दोन शब्दांत चक्कर असू शकते, मळमळ असू शकते, साखर उतरलेली असू शकते, हृदयविकाराची सुरुवातही असू शकते. "कसंतरी म्हणजे कसं? कुठे? कधीपासून?" हे तिने विचारायला हवं. तिन्ही पेशंटच्या तोंडी हे वाक्य एकदा तरी घातलंय.

आता ऐकणाऱ्या बाजूची तऱ्हा. "कळ येते का?" या प्रश्नाचा मजकूर झाला "कळते का?" काकांनी उत्तर दिलं, "हो, सगळं कळतं मला." बरं, हे उत्तर काकांना इतकं शोभलं की चूक पकडायला आम्हाला तीन कॉल लागले. वहीतले शब्द आवाज ओळखणाऱ्या भागाला आधीच पुरवल्यावर सुधारणा झाली.

"हं" मात्र अजून पडतो. ही यंत्रं मजकूर स्वच्छ करायच्या नादात असले हुंकार गाळून टाकतात. आम्ही वर्गात सांगतो, की मान हलवा, "हं" म्हणा, पेशंटला कळू द्या की तुम्ही ऐकताय. आणि यंत्राच्या लेखी ती मुलगी काही बोललीच नाही. शिवाय "हं" आणि "अंहं" यांत होकार-नकाराचा फरक आहे. प्रोग्रामर म्हणाला, हुंकार मजकुरात न शोधता थेट आवाजाच्या लहरीत शोधावे लागतील. करतोय.

२४ जून

पहिली तुकडी, आठ विद्यार्थिनी. माझा मूड गेला.

जी मुलगी एरवी वर्गात सर्वांत चांगली ऐकते, तिचाच कॉल सर्वांत वाईट झाला. ती विचार करून बोलते. "काका, उद्या तुम्हाला…" म्हणून थांबली, शब्द शोधत होती, तेवढ्यात काका बोलायला लागले. आवाज ०.७ सेकंद बंद राहिला की बोलणं संपलं असं यंत्र धरून चालतं. तिला पाच वेळा तोडलं. सहाव्या वेळी तिने थांबणंच सोडलं आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलून टाकलं. तो कॉल मग सुरळीत गेला.

उलट बाजूही तशीच. आजी म्हणाल्या, "आता माझं काय राहिलंय." मुलगी गप्प राहिली. बरोबर केलं तिने. त्या वाक्यानंतर काही बोलायचं नसतं, थांबायचं असतं. तीन सेकंदांनी आजींचा आवाज आला, "हॅलो, ऐकताय ना?" शांतता म्हणजे लाइन तुटली, असं यंत्राचं मत. मुलगी दचकून म्हणाली, "सॉरी आजी, ऐकतेय, ऐकतेय," आणि भराभर धीर द्यायला लागली.

१९८४ सालचा बेकमन आणि फ्रँकेल यांचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. पेशंटने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडतात, असं त्यात दिसलं होतं. मी दरवर्षी तो सांगते, वर्गात घड्याळ लावून १८ सेकंद किती कमी असतात ते दाखवते. आणि आम्ही असं यंत्र केलंय, की जे पाऊण सेकंदात तोडतं, वर पोरींना घाईचं बक्षीस देतं. जे शिकवते त्याच्या बरोबर उलट. हे असंच वापरायचं असेल तर नको, त्यापेक्षा हसणाऱ्या मैत्रिणी परवडल्या.

२५ जून

तुकडी थांबवली. प्राचार्यांना कळवलं. त्यांना घाई आहे, पण ऐकलं त्यांनी.

२८ जून

तीन दिवस फक्त शांततेवर काम.

आधी बटण दाबून बोलायची पद्धत करून पाहिली. दाबलं की तुमची पाळी, सोडलं की त्याची. तोडातोडी बंद झाली, पण वॉकीटॉकीवर बोलल्यासारखं वाटायला लागलं. सोडून दिली.

मग सरळ दोन सेकंद थांबायला लावलं. पण साध्या "नाव काय तुमचं?" नंतरही दोन सेकंद गेले की पुन्हा तोच बहिरा पेशंट.

मार्ग व्याकरणात सापडला. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर येऊन टेकतं. "उद्या सकाळी तुम्हाला आम्ही" इथे आवाज थांबला, तर बोलणं संपलेलं नाही हे पाचवीतलं पोरही सांगेल. म्हणून मजकूर येताना शेवट तपासतो. वाक्य टेकलं असेल तर ०.८ सेकंद, लटकलेलं असेल तर ३ सेकंदांपर्यंत वाट बघायची. "म्हणजे", "पण", "आणि" यांवर थांबली तर तीनच्याही पुढे. बोलताना आपण क्रियापद गाळतो, उलटसुलट करतो, त्यामुळे हे अचूक नाही. पण परवाच्या ध्वनिफिती पुन्हा चालवल्या, तर त्या मुलीला पाचऐवजी एकदाच तोडलं.

दुसरा बदल मला जास्त प्रिय. "हॅलो, ऐकताय ना?" कायमचं काढून टाकलं. काही वाक्यांवर जड अशी खूण केली. "आता माझं काय राहिलंय", "घरी सांगू नका", "मी जागा होईन ना?" अशी. जड वाक्यानंतर नर्स गप्प राहिली तर पेशंटही गप्प राहतो. दहा सेकंदांपर्यंत. मग तो आपणहून थोडं पुढचं बोलतो. म्हणजे चिठ्ठी मिळवायचा दुसरा रस्ता तयार झाला : चांगला प्रश्न विचारा, किंवा थांबा.

४ जुलै

गुण देणं बंद केलं.

कॉल संपला की दहापैकी गुण दिसायचे. एका हुशार मुलीने शोध लावला, की "तुम्हाला कसं वाटतंय ते मी समजू शकते" हे वाक्य तीनदा पेरलं की नऊ मिळतात. दोन दिवसांत सगळा वर्ग तेच म्हणत होता, एकाच चालीत. मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप निकामी होतं, अशा अर्थाचं अर्थशास्त्रात एक वचन आहे, गुडहार्टच्या नावाने. पोरींनी ते न वाचता सिद्ध केलं.

आता काकांना ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं की ते म्हणतात, "तुम्हाला काय समजणार? पोट माझं कापणारेत." वर्गात एकदम शांत झालं होतं आज.

गुणांच्या जागी एक पान मिळतं. कोण किती वेळ बोललं, कोणी कोणाला कुठे तोडलं, सर्वांत लांब शांतता कुठे होती आणि ती कोणी मोडली. चांगलं की वाईट हे यंत्र सांगत नाही. सात-आठ मिनिटांचा कॉल आणि त्यावर माझ्याबरोबर वीस मिनिटं बोलणं, असा हिशोब ठेवलाय. यंत्रामुळे शिक्षकाचा वेळ वाचेल असं प्राचार्यांना वाटलं होतं. वाढलाय.

९ जुलै

एक धोका उशिरा लक्षात आला. एका मुलीने काकांना सांगितलं, "ऑपरेशनआधी पाणी चालतं." कधीपर्यंत ते सांगितलं नाही, आणि काका म्हणाले, "बरं सिस्टर." यंत्र वैद्यकीय चूक पकडत नाही. पेशंटने ती पकडावी ही अपेक्षाही चूक आहे, कारण खरा पेशंटही "बरं सिस्टर"च म्हणेल आणि पहाटे तांब्याभर पिऊन मोकळा होईल. भूलतज्ज्ञांची सर्वसाधारण मर्यादा हलक्या अन्नासाठी ६ तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी २ तास अशी आहे, पण त्या पेशंटसाठी काय ठरलंय हे केसपेपरवर बघून सांगायचं असतं.

उपाय जुनाच : पेशंटकडून परत वदवून घ्या. काकांच्या वागण्यात भर घातली. "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगता का?" असं विचारलं की ते सांगतात, आणि त्यात एक गोष्ट हमखास चुकीची सांगतात. मुलीने ती पकडायची. "समजलं ना?" असं विचारलं तर ते फक्त "हो" म्हणतात. आज अकरापैकी आठ जणींनी "समजलं ना?" विचारलं.

औषधांच्या माहितीसाठी हा पेशंट वापरायचा नाही, असं दारावर लिहून लावलंय.

१२ जुलै

आजींच्या कॉलनंतर एक मुलगी रडली. तिच्या घरचं काही होतं, मी विचारलं नाही, तीच थोडं बोलली. आपण हे आधीच धरायला हवं होतं. आजपासून नियम : कॉलआधी प्रसंग कशाबद्दल आहे ते सांगायचं, "थांबूया" म्हटलं की पेशंट तत्क्षणी बंद होतो, आणि मी किंवा दुसऱ्या मॅडम शेजारच्या खोलीत असतो. ध्वनिफिती सात दिवसांनी पुसायच्या. वॉर्डातल्या कोणत्याही खऱ्या पेशंटचा कागद यात घालायचा नाही, नाव बदलूनसुद्धा नाही.

दुसरी एक मुलगी सकाळी येऊन विचारत होती, "मॅडम, आजी आज आहेत का?" १९६६ साली वायझेनबॉमने एलायझा नावाचा साधासा संभाषणाचा प्रोग्राम लिहिला होता. तो कसा चालतो हे माहीत असूनही त्याच्या सचिवेने प्रोग्रामशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तो प्रोग्राम आमच्या आजींच्या पासंगालाही पुरला नसता. त्या मुलीला हसले नाही मी.

१९ जुलै

वॉर्डात नेलं. खूप सराव केलेल्या दोघींना मी लांबून बघत होते. प्रश्न छान, थांबणं छान, आणि नजर सगळा वेळ जमिनीकडे! महिनाभर बिनचेहऱ्याच्या आवाजाशी बोलून ती सवय लागली. एक तर पेशंट बोलत असताना डोळे मिटून ऐकत होती. पेशंटने मला विचारलं, "सिस्टरना बरं नाही का?"

परत आल्यावर हेडफोन काढून घेतले. सरावाच्या खोलीतल्या बाहुलीच्या उशीखाली स्पीकर ठेवला. खुर्ची ओढून बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं आणि मग बोलायचं. बाहुलीचे डोळे छताकडे असतात, ही अडचण आहे. पण पेशंटचेही बऱ्याचदा तिकडेच असतात.

२६ जुलै

दुसरी तुकडी, सात जणी. २४ जूनला पाच वेळा तोडली गेलेली मुलगी आज पुन्हा बसली, आजींसमोर. मी काचेपलीकडे.

"गोळ्या वेळेवर घेता ना आजी?" हा प्रश्न बाकीच्यांसारखा तिनेही विचारला, आणि आजी बाकीच्यांना म्हणाल्या तसंच तिलाही म्हणाल्या, "घेते की." ती पुढे निघाली नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली, म्हणाली, "इतक्या गोळ्या म्हणजे कंटाळा येत असेल." आजी म्हणाल्या, "आता माझं काय राहिलंय." मग कोणीच बोललं नाही. पडद्यावर सेकंद मोजले जात होते. मला पाचव्या सेकंदाला दार उघडून आत जावंसं वाटलं, इतकी सवय नाही आपल्यालाही. सातव्याला ती नुसतं "हं" म्हणाली. प्रोग्रामरचा हुंकार पकडणारा भाग कालच जोडला होता, तो चालला, पाळी तिच्याकडे गेली नाही. दहाव्याला आजी बोलल्या, "बंद केल्यात मी त्या. चक्कर यायची. सुनेला सांगू नका."

"कधीपासून येत होती चक्कर?" तिने विचारलं. "का बंद केल्या" असं नाही विचारलं.

नंतर बोलताना ती म्हणाली, "मॅडम, आणखी दोन सेकंद मिळाले असते तर मी त्यांच्या हातावर हात ठेवणार होते. त्याच आधी बोलल्या."

मर्यादा दहावरून बारा केली. बाहुलीच्या हातात दाब ओळखणारी पट्टी बसवता येईल का, ते प्रोग्रामरला विचारायचंय.